कितींपैकी किती?

नंदुरबारची मिरची देशभर जाते. हिवाळ्यात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर पथाऱ्या पसरतात. नजर जाईल तिथवर लाल. त्या लालीत तोंडाला फडकं बांधून बाया दिवसभर देठं खुडत बसतात. खोकला, शिंका, रात्री हातांची आग. मिरचीचा तब्येतीशी काय संबंध आहे, हे या बायांना कुणी सांगायला नको.

ऑगस्ट २०१५ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली: रोज तिखट खाणारे जास्त जगतात, त्यांचा मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी असतो. बातमी बनावट नव्हती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चीनमधल्या एका प्रचंड पाहणीचा निष्कर्ष छापून आला होता. दहा वेगवेगळ्या भागांतली, ३० ते ७९ वयाची ४,८७,३७५ माणसं. साधारण सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं. त्या काळात त्यांतली २०,२२४ माणसं दगावली. इतकी मोठी पाहणी क्वचितच होते. मग शंका घ्यायची कशावर?

मूळ लेखात शिरलं की वेगळंच चित्र दिसतं. आठवड्यातून एकदाही तिखट न खाणाऱ्यांत वर्षाला हजारी ६.१ मृत्यू. एक-दोन दिवस खाणाऱ्यांत ४.४. तीन ते पाच दिवस खाणाऱ्यांत ४.३. आणि जवळजवळ रोज खाणाऱ्यांत? ५.८. म्हणजे नुसती मोजदाद पाहिली तर रोज तिखट खाणारे आणि अजिबात न खाणारे यांच्यात हजारी ०.३ चा फरक. मग १४ टक्के आले कुठून? वय, बिडी-सिगारेट, दारू, शिक्षण, शहर-खेडं या साऱ्यांचा परिणाम हिशोबातून वजा केल्यावर आले. ही वजाबाकी करावीच लागते, त्यात लबाडी काही नाही. रोज तिखट खाणारे बहुतेक खेड्यातले होते, धूम्रपान आणि दारूही त्यांच्यात अधिक होती. ते बाजूला काढल्याशिवाय मिरचीचा म्हणून परिणाम कसा कळणार? पण वाचकाला एवढं तरी कळायला हवं की १४ हा आकडा कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो गणितातून निघालेला आहे. आणि मूळ धोकाच वर्षाला हजारी सहाच्या आसपास असेल, तर त्यातली १४ टक्के घट म्हणजे हजार माणसांमागे वर्षाला एक मृत्यूही कमी नाही. ‘धोका १४ टक्क्यांनी घटला’ आणि ‘हजारांत एकाहून कमी माणसाचा फरक’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मथळ्यात पहिलं येतं.

त्या संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की यावरून कार्यकारण ठरत नाही. २०१९ मध्ये इटलीतून अशीच पाहणी आली, तिथे घट २३ टक्के निघाली. पुन्हा तोच इशारा आणि पुन्हा तेच मथळे. मला या बाबतीत चीन-इटलीपेक्षा नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावची जास्त आठवण होते. ज्या घरात डाळ शिजत नाही तिथे भाकरीबरोबर मिरचीच असते. उद्या अशी पाहणी सातपुड्यात झाली तर रोज मिरची खाणारे लवकर मरतात असंही दिसू शकेल. त्यात मिरचीचा दोष नसेल. ताटात मिरचीशिवाय दुसरं काही नाही, हा दोष असेल. बातमीत माणसं दिसत नाहीत, पदार्थ तेवढा दिसतो. त्यामुळे कुठल्याही पदार्थाने आयुष्य वाढल्याची बातमी वाचली की मी आधी विचारतो: तो पदार्थ खाणारे लोक कोण आहेत, आणि त्यांच्याकडे आणखी काय आहे?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ, त्यांतले जवळपास सत्तर टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. इतका लहान आणि इतका दूरचा जिल्हा, पण आरोग्याच्या बातम्यांत तो सतत असतो. २००६ च्या फेब्रुवारीत तर साऱ्या देशाच्या नजरा याच जिल्ह्यातल्या नवापूरवर खिळल्या होत्या.

नवापूर हे कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र. तिथे कोंबड्या पटापट मरू लागल्या, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा एच५एन१ विषाणू आहे. भारतातला बर्ड फ्लूचा हा पहिला उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्या दिवसांत एका मथळ्याने लोकांची झोप उडवली: हा रोग झालेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक मरतात. रेल्वेच्या जेवणातून कोंबडी गेली. नवापूरपासून शेकडो मैल दूरच्या गावांतही अंडी कुणी घेईना, भाव कोसळले, छोट्या कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं.

निम्म्याहून अधिक, पण कितींपैकी? तोवर साऱ्या जगात या विषाणूने दगावलेली माणसं शंभराच्या आत होती. आणि छेदात होते ते फक्त असे रुग्ण, ज्यांची अवस्था इतकी बिघडली की ते इस्पितळात पोचले आणि ज्यांची प्रयोगशाळेत खात्री झाली. ज्यांना साधा ताप येऊन गेला ते कुणी मोजलेलेच नव्हते. असे लोक किती होते हा वादाचा विषय आहे. पण ते मोजले असते तर ती टक्केवारी तिथे राहिली नसती, एवढं नक्की. नवापूरच्या संशयित माणसांचे नमुने तपासले गेले, त्यांत एकाही माणसाला लागण आढळली नाही. एका तरुण कुक्कुटपालकाच्या मृत्यूचा संबंध आधी बर्ड फ्लूशी जोडला गेला होता, तोही निकालात टिकला नाही. भीतीची बातमी पहिल्या पानावर आली होती. नमुने निर्दोष निघाल्याची बातमी आतल्या पानावर गेली.

कोंबड्या मारण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो योग्य होता. पक्ष्यांतला हा विषाणू रोखला नाही तर त्याला माणसात शिरायला जास्त संधी मिळते. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लूचा उद्रेक झाला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीत एच५एन१ने दगावला. धोका खरा आहे. मात्र नीट शिजवलेल्या कोंबडीचा आणि त्या धोक्याचा संबंध नव्हता, आणि ते सांगणारं एक वाक्य मथळ्याशेजारी छापलं असतं तर बऱ्याच घरांचा धंदा वाचला असता.

आता या जिल्ह्याच्या सर्वांत दुखऱ्या आकड्याकडे येऊ.

कुपोषण म्हटलं की महाराष्ट्रात मेळघाट आणि नंदुरबार ही दोन नावं ठरलेली. पण कुपोषणाचा आकडा हा एक आकडा नाही. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर मूल खुजं. ते बरेच महिने, बरीच वर्षं कमी खाण्याचं आणि वरचेवर आजारी पडण्याचं चिन्ह. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल लुकडं. ती ताजी उपासमार किंवा ताजा आजार. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर नुसतं ‘कमी वजनाचं’. त्यात खुजीही आली, लुकडीही आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या नंदुरबारच्या पत्रकात ही तिन्ही मापं एकाखाली एक छापलेली असतात. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत जिल्ह्यातली पाच वर्षांखालची ४७.६ टक्के मुलं खुजी, ३९.८ टक्के लुकडी, ५५.४ टक्के कमी वजनाची होती. पाचव्या पाहणीत, २०१९ साली, ते आकडे अनुक्रमे ४५.८, ३०.७ आणि ५७.२ झाले.

आता बातमी काय लिहाल? तिसरी ओळ उचलली तर ‘नंदुरबारमध्ये कुपोषण वाढलं’. दुसरी उचलली तर ‘कुपोषणात मोठी घट’. पत्रक एकच, पाहणी एकच, आणि दोन्ही मथळे छापता येतात. विरोधक तिसऱ्या ओळीवर बोलतात, सत्ताधारी दुसऱ्या ओळीवर.

तिसऱ्या ओळीतली वाढ मला वाढ वाटत नाही. ही पाहणी प्रत्येक जिल्ह्यात नऊशेच्या आसपास घरांत जाते. त्या घरांत पाच वर्षांखालची जी मुलं सापडतील तेवढीच मोजली जातात. ती काहीशेच असतात, आणि तीही निवडलेल्या मोजक्या गाव-पाड्यांतली. अशा नमुन्यातून ५७ टक्के निघाले तर खरा आकडा पाच-सात टक्के वर किंवा खाली सहज असू शकतो. ५५.४ आणि ५७.२ यांत फरक आहे असं त्या नमुन्याच्या बळावर म्हणताच येत नाही. लुकड्या मुलांमधली नऊ टक्क्यांची घट थोडी जास्त विश्वासाची. पण लुकडेपणा ऋतूबरोबर हलतो. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असताना आणि जुलाब-हगवणीच्या दिवसांत, तो चढतो, सुगीनंतर उतरतो. पाहणीची माणसं पाड्यावर कोणत्या महिन्यात पोचली यावरही तो आकडा ठरतो.

या साऱ्या शंकांनंतर शिल्लक काय राहतं ते नीट पाहा. पाचव्या पाहणीत कमी वजनाच्या मुलांचं राज्याचं प्रमाण ३६.१ टक्के, देशाचं ३२.१ टक्के. नंदुरबारच्या आकड्यात सात टक्के इकडचे तिकडे करा, तरी तो राज्याच्या आकड्याजवळ येत नाही. इथली निम्मी मुलं कमी वजनाची आहेत. दोन टक्के वाढले की घटले यावर भांडण चालतं आणि हे निम्मेपण मागे पडतं. मी आकड्यांवर संशय घ्यायला सांगतो तो याच कारणासाठी: डळमळीत भाग गाळला की उरलेलं जास्त ठामपणे म्हणता येतं.

पाहणीचे आकडे काही वर्षांनी येतात. दर महिन्याला येतात ते अंगणवाडीचे, आणि ते नेहमीच खूप कमी असतात. वर्तमानपत्रात यावर ‘सरकारी आकड्यांत लपवाछपवी’ असा सरधोपट निष्कर्ष निघतो. लपवाछपवी कुठेच होत नाही असं नाही. पण त्याआधी अंगणवाडीत माप कसं घेतलं जातं ते जवळून पाहायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची आडवं झोपवून मोजायची असते, त्याहून मोठ्याची उभं करून; दोन्हींत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. मूल रडत असतं, पाय झाडत असतं. मदतनीस डोकं धरते, ताई गुडघे दाबून पट्टी वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटर लांबीच्या मुलग्यासाठी तीव्र कुपोषणाची सीमा ६.६ किलो आहे, ७१ सेंटिमीटरसाठी ६.८ किलो. समजा बाळ ६.७ किलोचं भरलं. पाय सरळ झाले नाहीत आणि पट्टी ७० वर वाचली, तर ते मध्यम कुपोषित. पाय सरळ झाले आणि ७१ भरली, तर तेच बाळ, त्याच मिनिटाला, तीव्र कुपोषित. त्याला बाल उपचार केंद्रात जागा मिळणार की नाही, हे त्या एका सेंटिमीटरवर ठरतं. म्हणून दंडघेराची पट्टीही वापरतात: सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण. मात्र दंडघेराने सापडणारी मुलं आणि वजन-उंचीने सापडणारी मुलं सगळीच्या सगळी एक नसतात. कोणती पट्टी वापरली हे न सांगता छापलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

आणि ही झाली हजर मुलांची गोष्ट. दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्यातली कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जातात आणि होळीला परततात. होळी हा इथला सर्वांत मोठा सण. काठीची राजवाडी होळी गाठायला लोक दूरदूरहून येतात. मधल्या महिन्यांत त्या कुटुंबांतली मुलं फडावर असतात. अंगणवाडीच्या नोंदीत त्यांची नावं असतात, वजनं नसतात. टक्केवारी निघते ती वजन झालेल्या मुलांवर. जी मुलं सर्वांत जास्त धोक्यात, तीच छेदातून गळतात आणि जिल्ह्याचा आकडा सुधारल्यासारखा दिसतो. आधार क्रमांक वाटायला सुरुवात झाली ती २९ सप्टेंबर २०१० रोजी, याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. माणसाला क्रमांक मिळाला म्हणून ते माणूस हिशोबात आलं असं होत नाही, हे या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार?

याची उलट बाजू अधिक त्रासदायक आहे. एखादा अधिकारी मनावर घेतो, पाड्या-पाड्यावर शोधमोहीम लावतो, डोंगरावरच्या घरांत जाऊन मुलं मोजायला लावतो. तीव्र कुपोषित मुलांची संख्या एकदम फुगते. दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘कुपोषणाचा विळखा घट्ट’. मुलं आधीही तशीच होती, आता सापडली. ज्याने शोधलं त्याला विधिमंडळात उत्तर द्यावं लागतं आणि ज्याने शोधलं नाही त्याचा जिल्हा प्रगतिपथावर दिसतो. वर्तमानपत्रांकडून नकळत होणारा हा अन्याय मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यातून खालपर्यंत एकच निरोप जातो: कमी शोधा. २०१८ पासून नंदुरबार केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत आहे. त्या कार्यक्रमात दर महिन्याला जिल्ह्यांची क्रमवारी लागते आणि तिच्यातला बराच भाग जिल्ह्याने स्वतः भरलेल्या माहितीवर उभा असतो. क्रमांक वर गेल्याची बातमी वाचताना हे विसरता येत नाही.

बालमृत्यूंचंही असंच. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इतर स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला, तेव्हा राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत हे महाराष्ट्राला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. घरी जन्मून पहिल्याच दिवशी गेलेलं बाळ ‘मृत जन्मलेलं’ म्हणून लिहिलं जातं, किंवा लिहिलंच जात नाही. नंदुरबारला आणखी एक गोष्ट लागू पडते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. नवापूर-अक्कलकुव्याचं अत्यवस्थ बाळ सुरतेला हलवलं आणि तिथे गेलं, तर नोंद सुरतेत. घर नंदुरबारचं, नोंद गुजरातची. आणि आकडे लहान असतात हेही लक्षात ठेवावं लागतं. राज्याचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला तीस हजार जन्म होत असतील तर त्या दराने मृत्यू होतात दहा. पुढच्या वर्षी पंधरा झाले तर ‘मातामृत्यूंत पन्नास टक्के वाढ’, सात झाले तर ‘तीस टक्के घट’. एवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. त्या दहा जणींतली प्रत्येक का गेली, रुग्णवाहिका किती तासांनी आली, रक्त मिळालं की नाही, हे छापणं टक्केवारीपेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. तिथे टक्केवारी बाजूला ठेवून नावानिशी चौकशीच करायला हवी.

महाराष्ट्राने एकदा तर कुपोषणावरच्या विजयाची बातमीही वाचली आहे. २०१२ मध्ये राज्याने खास पोषण पाहणी करून घेतली. दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण सहा-सात वर्षांत ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांवर आलं असं तीत दिसलं. देशोदेशी कौतुक झालं. मग २०१५-१६ ची पाहणी आली आणि तीत ३४.४ टक्के. ‘महाराष्ट्र पुन्हा घसरला’ असं वाटावं, पण हा दुसरा आकडा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. खुजेपणा वयाबरोबर वाढत जातो, तिसऱ्या वर्षापर्यंत तर भराभर. दोन्ही आकड्यांतलं वय वेगळं, म्हणजे मोजलेली मुलंच वेगळी. पाच वर्षांखालच्या मुलांची तुलना पाच वर्षांखालच्यांशीच करायची तर २००५-०६ चा आकडा ४६.३ होता. म्हणजे घट झाली होती आणि चांगली झाली होती. २३ ऐकून झालेला आनंद आणि ३४ पाहून झालेली निराशा, दोन्ही अवाजवी. खरी काळजीची गोष्ट त्यानंतरची: २०१९ मध्ये राज्याचा आकडा ३५.२ निघाला. घट थांबली. तिला कौतुकाएवढी जागा कुठेच मिळाली नाही.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या बातम्यांत गोंधळाची जात निराळी. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत याचं प्रमाण मोठं आहे. शंभरात वीसच्या आसपास वाहक असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बातमीत याचं होतं ‘पाचातला एक सिकलसेलग्रस्त’. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाला जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं आणि तो बहुधा निरोगी आयुष्य जगतो. रुग्णाला दोन्ही पालकांकडून मिळतं, आणि त्याच्या वाट्याला हाडांतल्या कळा, वारंवार रक्त चढवणं, कमी आयुष्य येतं. हिशोब साधा आहे. शंभरात वीस वाहक असतील तर हजार जोडप्यांत साधारण चाळीस जोडप्यांत दोघेही वाहक असतील, आणि त्यांच्या चार मुलांमागे एक रुग्ण. म्हणजे हजार जन्मांत दहा. दहा ही संख्याही भयंकर आहे, पण ती दोनशे नव्हे. हा फरक वर्तमानपत्राने गिळला की त्याची किंमत एखादी मुलगी मोजते: ती फक्त वाहक असते, पण हातातल्या तपासणी-कार्डामुळे तिचं लग्न अडतं. शिबिरात आधी होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. पहिल्या चाचणीचा आकडा ‘रुग्ण’ म्हणून छापणं ही नुसती घाई नाही, ते नुकसान आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. तेव्हापासून तपासण्यांचे आकडे नियमित येतात. सातपुड्यातल्या मोलगीच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात का, याचा आकडाही तितक्याच नियमितपणे यायला हवा.

चांगल्या बातमीलाही तेच प्रश्न विचारावेत. एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी हाहाकार असताना नंदुरबारचं नाव अभिमानाने घेतलं गेलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर; दुसरी लाट येण्याआधीच त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभे केले होते. ही दूरदृष्टी निर्विवाद होती आणि तिने जीव वाचवले. पण बऱ्याच बातम्यांत त्याच दमात लिहिलं होतं की यामुळे रोजचे नवे रुग्ण बाराशेवरून तीनशेवर आले. ऑक्सिजन आजारी माणसाला तगवतो. नव्या माणसाला लागण होणं तो थांबवत नाही. नव्या रुग्णांची संख्या लाट ओसरल्याने, निर्बंधांनी, लसीकरणाने किंवा चाचण्या कमी-जास्त झाल्याने हलते. जिल्ह्याच्या खऱ्या कर्तबगारीचं माप वेगळं होतं: ऑक्सिजनअभावी किती जणांना दारातून परत जावं लागलं नाही. ते मोजलं असतं तर कौतुक अधिक भक्कम झालं असतं, आणि शेजारच्या जिल्ह्यांना नेमकं काय उचलायचं तेही कळलं असतं.

‘आकडे काय, सगळेच खोटे’ असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि त्यांना मी संशयी मानत नाही. सगळं खोटं म्हटलं की काहीच तपासावं लागत नाही. सगळं खरं मानणाराही तेच करतो. संशय घेणाऱ्याला मात्र कष्ट पडतात: मूळ पत्रक उघडावं लागतं, महिना बघावा लागतो, कोण मोजलं गेलं नाही याचा शोध घ्यावा लागतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो शोध बहुतेक वेळा एखाद्या पाड्यावर, नाहीतर गुजरातच्या एखाद्या उसाच्या फडावर जाऊन थांबतो.

तुम्ही जिल्ह्यात बातमीदारी करत असाल तर एवढं करा: कुपोषणाचा पुढचा आकडा छापताना किती मुलांची नावं नोंदीत होती आणि किती मुलांचं वजन झालं, हे दोन आकडे त्याच वाक्यात द्या. आणि तुम्ही गावात राहत असाल तर आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने तुमच्या ग्रामसभेला मिळालेला अधिकार वापरा. होळीला सगळी माणसं परत आली की ग्रामसभा बोलवा, अंगणवाडीची वजनाची नोंदवही सर्वांसमोर वाचायला सांगा, आणि ज्या मुलाचं नाव आहे पण वजन नाही त्याचं वजन त्याच आठवड्यात करून घ्या.